नुकत्याच वाचू लागलेल्या पोट्ट्यांसाठी चित्रपुस्तक कसं निवडावं

यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरी माझ्याकडे आहे. पालक, अंगणवाडीच्या ताई, पोराच्या वाढदिवसाला शाळेला काहीतरी देऊ म्हणणारे, सगळे एकच विचारतात: म्याडम, पुस्तक कोणतं आणू? तालुक्याच्या दुकानात अंकलिपी मिळते. नाहीतर फळं, भाज्या, जंगली प्राणी असली चकचकीत पुस्तकं मिळतात. पानभर एक चित्र आणि खाली एक नाव. त्यात वाचायला काही नसतं. पोट्टं दोन दिवसांत चित्रं पाठ करतं आणि पुस्तक कोपऱ्यात पडतं. नुकतं वाचू लागलेल्या पोराला गोष्ट पाहिजे, मग ती आठ ओळींची का असेना.

पुस्तक हातात घेतलं की आधी मजकूर तळहातानं झाका आणि नुसती चित्रं बघत शेवटपर्यंत जा. कोण आहे, काय झालं, पुढं काय होईल, एवढं चित्रांवरून कळलं पाहिजे. मग हात काढून वाचा. चित्रात आहे तेच ओळीत सांगितलं असेल, तर पोट्टे अक्षराकडं बघतच नाहीत, चित्र बघून ठोकून देतात. ओळीत काहीतरी जास्तीचं हवं. चित्रात बकरी पळताना दिसते, पण कशाला भिऊन पळाली ते ओळीत आहे, अशी जागा असली की पोरगं नाक खुपसून वाचतं. भडक रंग बघून पुस्तक घेऊ नका. साध्या रेघांची, दोन रंगांची चित्रंही आमचे पोट्टे तासभर बघत बसतात.

आणि बघतात किती बारीक! एका पुस्तकात कापूस वेचणाऱ्या बायांचं चित्र होतं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, माणसाच्या डोक्यावर गेलेलं, बोंडं गुलाबाच्या फुलाएवढी, बायांच्या हातात वेताच्या टोपल्या. दुसरीतली एक पोरगी म्हणाली, "म्याडम, हिच्या कमरेले फडकंच नाही. कापूस कायच्यात टाकन हे?" मग सगळा वर्ग त्या चित्रावर तुटून पडला. दोन्ही हातांनी वेचायचं असतं, टोपली धरली तर वेचणार कशानं. माझी माय असं बांधते, माझी आजी तसं. त्या दिवशी वाचणं बाजूला राहिलं आणि बोलणं भरपूर झालं. चित्रातली अशी एखादी चूक चालते, पण अख्खं पुस्तकच शहरात बसून काढलेलं 'खेडं' असेल तर नको. याचा अर्थ सगळी पुस्तकं वावर आणि बैलांचीच घ्या असा नाही. समुद्र न पाहिलेल्या पोट्ट्यांना समुद्राचं पुस्तक लागतंच. फक्त पहिली दोन-चार पुस्तकं ओळखीच्या जगातली असली, तर अक्षराशी झगडताना निदान अर्थाशी झगडावं लागत नाही.

आता मजकूर. इथं जरा जास्त वेळ द्या.

बऱ्याच पुस्तकांवर पातळी छापलेली असते. प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या पुस्तकांना चार पातळ्या आहेत. पहिली नुकतं वाचू लागलेल्यांसाठी. शोधायला ती बरी, पण तिच्यावर विसंबून राहू नका. मराठीत शब्द किती आहेत यापेक्षा शब्द केवढे आहेत ते बघावं लागतं. 'अस्वल झाडावर चढलं' हे तीन शब्द आमचं पोरगं सहज वाचतं. 'झाडावरच्या घरट्यातली पिल्लं' हेही तीनच, पण 'घरट्यातली'च्या शेवटाला पोचेस्तोवर त्याची सुरुवात विसरलेली असते. आपल्याकडं प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळं छोट्या वाक्यातही मोठा डोंगर लपलेला असतो.

जोडाक्षरं आहेत म्हणून पुस्तक नाकारू नका. 'म्हणाला', 'त्याला', 'तिच्या' टाळून गोष्ट सांगताच येत नाही, आणि तेच जोडाक्षर पानोपानी भेटलं की पोट्टे ते चेहऱ्यानं ओळखू लागतात. अडचण होते ती एकाच पानावर 'उत्सुकता', 'स्वच्छ' आणि 'निसर्गरम्य' असे वेगवेगळे जोड आले की. असं पुस्तक फेकू नका, आपण वाचून दाखवायच्या गठ्ठ्यात ठेवा. माझ्याकडं दोन गठ्ठे असतात: पोट्ट्यांनी वाचायचा आणि मी वाचायचा. दुसऱ्या गठ्ठ्यात अवघड, लांब, गमतीदार काहीही चालतं.

अक्षरांचं वळणही बघा. मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात हीच वळणं धरली आहेत आणि बालभारतीत पोट्टे तीच शिकतात. राज्याबाहेर छापलेल्या मराठी पुस्तकांत मात्र पुष्कळदा हिंदी वळणाचे ल आणि श येतात. तिसरीच्या पोराचं त्यानं काही बिघडत नाही, पहिलीतलं पोरगं मात्र त्यावर बोट ठेवून "हे काय हाय?" विचारतं. नक्षीदार अक्षरं, चित्रावरच छापलेल्या ओळी, ओळीच्या शेवटी तोडलेला शब्द, यांपैकी काही दिसलं की मी पुस्तक परत ठेवते.

शक्य असेल तर पोरालाच एक पान वाचू द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पाच बोटं मिटली की पुस्तक अवघड, असा नियम पुष्कळ जण सांगतात, पण पानावर शब्दच दहा असतील आणि पाच अडले, तर उरलं काय? पहिलीला मी दोनच बोटं धरते.

भाषेचं म्हणाल तर आमच्या गावात घरोघरी वऱ्हाडी, जवळच्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीत, कोलामी आणि बंजाऱ्यांच्या तांड्यावर गोरमाटी. पुस्तकं प्रमाण मराठीत असतात याबद्दल माझं काही म्हणणं नाही, टीव्ही बघून पोट्ट्यांना ती कळते. मला चिडवतं ते भाषांतरातलं मराठी. 'ती आनंदाने टाळ्या वाजवू लागली होती' असं पुण्यातलं पोरगंही बोलत नसेल. ओळ मोठ्यानं वाचा. आपलीच जीभ अडखळली तर पुस्तक ठेवून द्या. पोडावरच्या आणि तांड्यावरच्या पोट्ट्यांसाठी दोन-तीन बिनशब्दांची पुस्तकं जरूर घ्या. ती गोष्ट स्वतःच्या भाषेत सांगतात, आपण ऐकायची. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर गोंडीतलीही पुस्तकं आहेत.

ते संकेतस्थळ २०१५ पासून फुकट आहे, मराठीही भरपूर. मी आधी मोबाइलवर गोष्ट दाखवते आणि पोट्टे जी पुन्हा पुन्हा मागतात तीच छापील आणते. रंगीत प्रिंट काढायच्या भानगडीत पडू नका, तालुक्याच्या दरानं ती छापील पुस्तकाहून महाग पडते. मागवण्यापेक्षा हाताळून घ्यायला मिळालं तर सोन्याहून पिवळं. २०२३ च्या फेब्रुवारीत वर्ध्याला ९६ वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी भाषणांकडं पाठ करून पुस्तकांच्या गाळ्यांतच दिवस घालवला. जिल्ह्याचा ग्रंथोत्सव असतो, तिथं जा. ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम, तुलिका ही नावं शोधा; नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त, पण त्यातली बरीच माझ्या दुसऱ्या गठ्ठ्यातली.

पैसे देण्याआधी पुस्तक मधोमध उघडा. पिना मारलेलं घ्या. नुसत्या गोंदावर चिकटवलेल्या पुस्तकाचा कणा आमच्याकडच्या उन्हाळ्यात तडकतो आणि शाळा उघडली की पानं हातात येतात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला जास्तीत जास्त ५,००० रुपये मिळू शकतात. त्यात पन्नास वेगळी पुस्तकं घेण्यापेक्षा निवडक घ्या आणि लाडक्या पुस्तकाच्या दोन प्रती घ्या. एक प्रत असली की भांडणं होतात. दोन असल्या की दोघं शेजारी बसतात आणि एक अडला तर दुसरा सांगतो.