एसी बसवताना या चुका टाळा: खर्च, पूर्वतयारी आणि नंतर उद्भवणाऱ्या तक्रारी

एसी विकत घेताना आपण बारकाईने चौकशी करतो. यंत्र किती टनांचे, इन्व्हर्टर आहे की नाही, वीज किती खाईल, हे सारे विचारून घेतो. तेच यंत्र भिंतीवर चढवायला तंत्रज्ञ येतो, तेव्हा मात्र आपले लक्ष धूळ कुठे उडते आहे एवढ्यापुरतेच उरते. वास्तविक स्प्लिट एसी कारखान्यातून अर्धाच तयार होऊन येतो, कारण त्याचे आतला आणि बाहेरचा असे दोन भाग (युनिट) जोडणारे पाइप, तारा आणि पाण्याचा निचरा ही कामे आपल्या घरात, तास-दोन तासांत उरकली जातात. दोन-तीन वर्षांनी ज्या तक्रारी उद्भवतात, त्यांतील बऱ्याच या तास-दोन तासांत पेरलेल्या असतात.

खर्च धरताना सुटणाऱ्या बाबी

पहिली चूक म्हणजे यंत्राची किंमत हाच एकूण खर्च समजणे. बाहेरच्या युनिटसाठी लोखंडी स्टँड, सोबत आलेल्या पाइपापेक्षा जास्त लागणारा तांब्याचा पाइप, त्यावरचे इन्सुलेशन, ड्रेन पाइप, भिंतीला पाडायचे भोक, वीजफलकापासून ओढायची स्वतंत्र तार, तिचा एमसीबी (जादा प्रवाह आल्यास वीज आपोआप तोडणारा स्विच) आणि गरज असल्यास स्टॅबिलायझर यांचा हिशेब बहुधा वेगळा होतो. उंच इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर दोर बांधून काम करावे लागणार असेल, तर मजुरी आणखी वाढते. म्हणून खरेदीपूर्वीच एखाद्या जाणकाराला घर दाखवून दोन युनिटांमधले अंतर मोजून घ्यावे आणि पाइपाचा दर मीटरमागे किती, हे लेखी घ्यावे. अंतर जितके कमी तितका खर्च कमी हे खरे असले, तरी अनेक उत्पादक किमान सुमारे 3 मीटर पाइप ठेवण्यास सांगतात, हेही विसरू नये.

विजेचा खर्चही आधीच मांडता येतो. दीड टनाचा एसी पूर्ण भाराने चालताना साधारण दीड किलोवॉट वीज घेतो असे धरले, तर 8 तासांत 12 युनिट होतात. खोली एकदा थंड झाली की इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर मंद चालतो, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याहून बराच खाली येऊ शकतो. मात्र एसी दिवसातून तासभरच चालणार असेल, तर इन्व्हर्टरसाठी मोजलेली जादा रक्कम वसूल व्हायला फार वर्षे लागतील.

टनांचा गोंधळ

टन हे यंत्राचे वजन नव्हे, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. सुमारे 907 किलो बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता त्याच वेगाने खोलीबाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. आकड्यांत ती तासाला 12,000 बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक), म्हणजे अंदाजे 3.5 किलोवॉट होते. केवळ खोलीच्या चौरस फुटांवरून टन ठरवणे ही अगदी नेहमीची चूक आहे. छत थेट उन्हात तापत असेल, पश्चिमेला मोठी काच असेल किंवा खोलीत पाच-सहा माणसे बसत असतील, तर त्याच क्षेत्रफळाला अधिक क्षमता लागते. स्वस्थ बसलेला एक माणूससुद्धा सुमारे 100 वॉट उष्णता बाहेर टाकत असतो.

याच्या उलट, ‘असू द्या जरा मोठा’ म्हणून लहान खोलीत दोन टनांचा एसी बसवणेही चुकीचेच. खोली लगेच थंड होते, कॉम्प्रेसर बंद पडतो आणि हवेतली आर्द्रता काढायला यंत्राला पुरेसा वेळच मिळत नाही. मग खोली गार असूनही अंग चिकट राहते.

वीजजोडणी

दीड टनाचा एसी 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर साधारण 7 ते 8 अँपिअर प्रवाह घेतो. आकडा लहान दिसतो, पण तो तासन्‌तास अखंड वाहतो, आणि जुन्या पद्धतीच्या कॉम्प्रेसरमध्ये सुरुवातीच्या क्षणी त्याच्या कित्येक पट उसळतो. त्यामुळे दिवे-पंख्यांच्या तारेवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर एसी कधीही चालवू नये. वीजफलकापासून स्वतंत्र 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, तिच्यासाठी वेगळा एमसीबी आणि तपासून घेतलेले अर्थिंग, एवढी तयारी यंत्र घरी येण्याआधीच झालेली असावी. एसी सुरू होताना एमसीबी पडत असेल तर मोठ्या अँपिअरचा एमसीबी टाकून मोकळे होणे धोक्याचे आहे, कारण तार तीच राहते आणि तिला वाचवणारा पहारेकरी मात्र ढिला पडतो. प्लग गरम लागणे, जळका वास येणे किंवा सॉकेट काळपटणे ही सैल जोडणीची चिन्हे आहेत. ती दिसताच एसी बंद करून वीजतंत्री बोलवावा.

‘गॅस संपला’ या वाक्यामागे काय असते

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद चक्रात फिरतो, आणि चक्र घट्ट असेल तर वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे आणि ती न शोधता आपण फक्त पैसे हवेत सोडत आहोत. माझ्या घरी लागोपाठ दोन वर्षे असेच झाले. तिसऱ्या वेळी आलेल्या तंत्रज्ञाने जोडावर साबणाचे पाणी लावले, तर बुडबुडे दिसले. पाइपाचे फुलवलेले तोंड, ज्याला फ्लेअर म्हणतात, एका बाजूला चिरलेले होते. नट बेताबाहेर आवळला की असे होते. सैल राहिला तरी गळती होतेच. म्हणून हा नट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंतच आवळता येणाऱ्या पान्याने, आवळणारा तंत्रज्ञ मिळाला, तर त्याला आणखी अर्धा तास आनंदाने द्यावा.

याहून महत्त्वाची पायरी निर्वाताची. पाइप जोडल्यावर त्यात हवा आणि बाष्प उरतात, आणि ती व्हॅक्यूम पंपानेच काढावी लागतात. अनेक ठिकाणी बाहेरच्या युनिटमधला थोडा गॅस सोडून ‘हवा काढली’ असे सांगितले जाते. त्यात थोडा वेळ वाचतो आणि ठरलेल्या वजनाने भरलेला गॅस मात्र कमी होतो, शिवाय पाइपाच्या आतल्या बाजूला चिकटलेले बाष्प तसेच राहते. हेच बाष्प कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिसळून आम्ल तयार करते आणि यंत्र आतून पोखरते. पंप चालवल्यावर आतला दाब 500 मायक्रॉनपर्यंत (इथे मायक्रॉन हे निर्वात मोजण्याचे एकक) उतरला आणि पंप बंद केल्यावरही तिथेच टिकला, तर पाइप कोरडा आणि जोड घट्ट आहेत असे समजावे. काम ठरवतानाच ‘व्हॅक्यूम पंप आणणार का’ असे विचारून घ्यावे. उत्तर गुळमुळीत आले तर दुसरा माणूस पाहावा.

कारखान्यात भरलेला गॅस ठरावीक लांबीच्या पाइपापुरताच असतो. पाइप त्याहून लांब गेला तर मीटरमागे किती ग्रॅम गॅस वाढवायचा, हे पुस्तिकेत दिलेले असते, आणि तो अंदाजाने न भरता काट्यावर मोजूनच भरावा लागतो. गॅसचा प्रकारही पाहावा. आर-32 सौम्य ज्वलनशील आहे, तर आर-290 म्हणजे साक्षात प्रोपेन. त्यामुळे गळती शोधताना काडी पेटवणे किंवा गॅस असलेल्या पाइपाला ज्योत लावणे जिवावर बेतू शकते.

पाणी आणि हवा

दमट दिवसात एसी तासाला लिटरभर किंवा त्याहूनही अधिक पाणी काढतो, आणि ते केवळ उतारामुळे वाहून जाते. ड्रेन पाइपाला मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार असावा, मध्ये झोळ नसावा आणि त्याचे टोक पाण्यात बुडलेले नसावे. आतल्या युनिटमधून पाणी टपकू लागले की आधी हाच मार्ग आणि फिल्टर तपासावा. भिंतीवर ओल मात्र पाइपाच्या आसपास दिसत असेल, तर इन्सुलेशन फाटलेले असण्याची शक्यता अधिक. स्प्लिट एसीत गॅस प्रसरण पावण्याची क्रिया बहुधा बाहेरच्या युनिटमध्येच होते, त्यामुळे जाड आणि बारीक असे दोन्ही पाइप गार राहतात आणि दोघांनाही वेगवेगळे वेष्टन लागते.

बाहेरच्या युनिटने टाकलेली गरम हवा त्याच्याकडेच परत येणार नाही, अशी मोकळी जागा त्याला हवी. शोभेसाठी त्याभोवती जाळीदार कपाट करणे किंवा अरुंद कोनाड्यात ते कोंबणे म्हणजे भर दुपारी, नेमक्या गरजेच्या वेळी, एसी कमजोर करून ठेवणे. शिवाय दुरुस्ती करणाऱ्याला तिथे सुरक्षितपणे उभे राहता आले पाहिजे. ज्या युनिटपर्यंत हात पोहोचत नाही, त्याची सफाई कधीच होत नाही.

काम संपल्यावर, पैसे देण्याआधी

एसी पंधरा मिनिटे चालू द्यावा आणि साध्या तापमापकाने आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान मोजावे. फरक साधारण 8 ते 12 अंश सेल्सिअस असावा. तो फारच कमी असेल आणि आतल्या कॉइलवर बर्फ धरत असेल, तर एकतर फिल्टर तुंबला आहे किंवा गॅस कमी आहे; यंत्र नवे असेल तर दुसरी शक्यता आधी तपासावी. आतल्या युनिटच्या तबकात तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडते का, हे तंत्रज्ञासमोरच पाहावे. शेवटी पाइपाची लांबी, गॅसचा प्रकार आणि वाढवलेला गॅस किती ग्रॅम, एवढे तारखेसह एका चिठ्ठीवर लिहून ती हमीपत्राला टाचून ठेवावी. पुढच्या खेपेला येणारा तंत्रज्ञ दुसराच असेल, आणि त्याला पहिल्यांदा हेच आकडे लागतील.