व्हीलॅन बनवले, आयपी दिले, तरी पिंग जात नाही?

लेयर ३ स्विचवर (म्हणजे राउटिंगही करू शकणाऱ्या स्विचवर) दोन व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचमध्ये वेगळी केलेली आभासी नेटवर्क, बनवले, दोन्हींच्या इंटरफेसला आयपी दिला, तरी एकातला संगणक दुसऱ्यातल्याला दिसत नाही. अशा वेळी केबल बदलत बसू नका. आधी राउटिंग, म्हणजे एका नेटवर्कमधला डेटा दुसऱ्यात पाठवणं, चालू आहे का ते पाहा. बऱ्याच स्विचवर ते मुळात बंदच असतं आणि 'आयपी राउटिंग' ही आज्ञा स्वतः द्यावी लागते.

इथे एक खाच आहे. राउटिंग बंद असताना स्विच स्वतःच्या व्यवस्थापनासाठी 'डिफॉल्ट गेटवे' (आपल्या नेटवर्कबाहेर जाण्याच्या दाराचा पत्ता) वापरतो. राउटिंग चालू केलं की अनेक स्विच ती नोंद विचारातच घेत नाहीत. मग ०.०.०.०/० चा डिफॉल्ट रूट, म्हणजे दुसरा मार्ग ठाऊक नसेल तेव्हाची वाट, लिहावा लागतो. दुरून लॉगिन करून काम करत असाल तर तो रूट आधी लिहा, मगच राउटिंग चालू करा, नाहीतर स्विच हातातून जातो.

मास्कही (पत्त्यापुढचा /२६ सारखा आकडा, जो नेटवर्कचा आवाका ठरवतो) नीट तपासा. संगणकाचा पत्ता १९२.१६८.१०.७०/२६ असेल तर त्याचं सबनेट, म्हणजे नेटवर्कचा तो तुकडा, शेवटच्या आकड्यात ६४ ते १२७. गेटवे १९२.१६८.१०.१ दिलात तर तो त्या सबनेटच्या बाहेर पडतो. तो ६५ ते १२६ मधलाच हवा.

व्हीलॅनचा इंटरफेस 'डाउन' दिसतोय? त्या व्हीलॅनमध्ये एकतरी पोर्ट चालू असावा लागतो.

आतलं सगळं जमलं पण बाहेर जाता येत नसेल, तर वरच्या राउटरवर तुमच्या सबनेटकडे परतीचा रूट आहे का ते बघा. हा बऱ्याचदा राहून जातो.