लग्नाची कॅसेट 55 इंची टीव्हीवर लावण्याआधी

जुनी कॅसेट नव्या टीव्हीवर नीट दिसावी म्हणून केलेल्या यादीतलं पहिलं काम नखाने होणारं आहे. व्हीएचएस कॅसेटच्या पाठीला एका टोकाशी प्लॅस्टिकचा छोटा चौकोन असतो, तो मोडायचा. तो शाबूत असेपर्यंत त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होऊ शकतं. मोडला की डेक, म्हणजे कॅसेट चालवणारा व्हीसीआर, ते करू देत नाही. आमच्याकडे भावाची मुंज मातृभोजनापर्यंत आहे आणि तिथून पुढे थेट क्रिकेटची मॅच सुरू होते, कारण तो चौकोन कुणी मोडला नव्हता. बाकी काही जमो न जमो, घरातल्या सगळ्या कॅसेटींचं एवढं आज संध्याकाळीच उरकून टाका.

आता मूळ विषय. आईबाबांचं लग्न 1990 चं. पाच वर्षांपूर्वी त्या कॅसेटची एका दुकानातून डीव्हीडी करून आणली आणि नव्या टीव्हीवर लावली. बाबा बोहल्यावर गणपतीइतके रुंद, भटजींचा हात हलला की बोटांच्या जागी कंगव्याचे दात, आणि आईच्या शालूचा लाल रंग पाघळून शेजारच्या मावशीच्या गालावर. सगळे म्हणाले, जुनंच आहे, असंच दिसणार. मला पटेना, कारण हीच कॅसेट एकवीस इंची टीव्हीवर छान दिसायची. पुढे लग्नाला पस्तीस वर्षं होत आली तेव्हा सगळं पहिल्यापासून केलं, त्यातून ही यादी झाली. चित्र तीन ठिकाणी बिघडतं: फितीवरून डेकमध्ये येताना, डेकमधून कॉम्प्युटरमध्ये जाताना आणि टीव्हीच्या पोटात. लोक पैसे तिसऱ्या ठिकाणी घालतात. खरं काम पहिल्या दोन ठिकाणी आहे.

थोडे आकडे. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची पाल नावाची पद्धत 625 रेषांची, त्यातल्या 576 रेषांमध्ये चित्र. कॉम्प्युटरमध्ये घेतलं की ते 720 गुणिले 576 होतं, म्हणजे चार लाख पंधरा हजारांच्या आसपास ठिपके. फोर-के टीव्हीचे ठिपके 3840 गुणिले 2160. भागाकार करून पाहा, बरोबर 20 येतो. चित्र पडदाभर ताणलं तर दर वीस ठिपक्यांतले एकोणीस टीव्हीने अंदाजाने भरलेले असतात. त्यात व्हीएचएसच्या फितीवर आडवा तपशील जेमतेम 240 रेषांचा, आणि रंगाचा त्याहून कितीतरी कमी, कारण रंग वेगळा काढून खालच्या फ्रिक्वेन्सीवर नोंदवलेला असतो. शालू पाघळतो तो फितीवरच. त्याला इलाज नाही, पण त्यात आणखी भर पडू नये एवढं आपल्या हातात आहे.

कॅसेट माळ्यावरून काढल्यावर लगेच डेकमध्ये घालू नका. खिडकीशी नेऊन काचेतून फितीची गुंडाळी बघा, टॉर्च मारून बघा. काळ्या कडेवर पांढुरकी भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी. लोणच्यावरची बुरशी चमच्याने काढली तसं इथे चालत नाही. ती कॅसेट वाजवली तर बुरशी डेकच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते. अशी कॅसेट पिशवीत बांधून वेगळी ठेवा आणि हे काम करणाऱ्याकडेच द्या. स्वच्छ असेल तर एक दिवस खोलीत राहू द्या, मग न थांबता शेवटपर्यंत फॉरवर्ड आणि परत रिवाइंड, म्हणजे वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून बसलेले वेढे सुटतात. मुंबईत किंवा कोकणात असाल तर पावसाळ्यात हे काम काढूच नका. बऱ्याच डेकमध्ये दमटपणा ओळखणारा सेन्सर असतो, हवा ओली असली की यंत्र चालायलाच नकार देतं. दिवाळीनंतरचे महिने बरे.

डेक मिळवणं ही खरी मोहीम. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, 2016 च्या जुलैमध्ये थांबली, त्यामुळे जे आहे ते जुनंच. नातेवाइकांचे माळे आधी पालथे घाला, मग पुण्यातला बुधवार-रविवारचा जुना बाजार किंवा मुंबईतला लॅमिंग्टन रोड. विकत घेताना सोबत एक टाकाऊ कॅसेट न्या आणि तीच आधी चालवून बघा, लग्नाची नाही. रबरी पट्टे सैल पडलेले असतात, तेव्हा कॅसेट गिळून परत न देणारे डेक पुष्कळ भेटतात. हेड साफ करायचं तर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ चामड्याचा तुकडा घ्या. कानातली काडी वर-खाली घासली तर हेडचा नाजूक टवका उडतो. हे स्वतः केलं नसेल तर मेकॅनिककडून एकदा बघून शिका. एस-व्हीएचएस या वरच्या जातीचा डेक मिळाला तर नशीब समजा, कारण त्याला एस-व्हिडिओ या वेगळ्या केबलची जागा असते. फितीवर उजेड आणि रंग वेगवेगळे नोंदलेले असतात. नेहमीच्या पिवळ्या पिनेच्या केबलमधून काढले की ते एकत्र कालवले जातात आणि पुढे पुन्हा वेगळे करावे लागतात. एस-व्हिडिओत ते वेगळेच राहतात. शालूची कड तेवढीच आवरते.

डेकचं ट्रॅकिंगचं बटण, म्हणजे हेड फितीवरच्या नोंदीशी जुळवणारं, प्रत्येक कॅसेटला वेगळं लावावं लागतं. त्याशिवाय चित्राच्या उभ्या रेषा लाटेसारख्या हलत असतील, मंडपाचे खांब वाकडे दिसत असतील, तर ओळींची वेळ चुकते आहे. काही चांगल्या डेकमध्ये ती दुरुस्त करणारा टाइम बेस करेक्टर असतो. नसेल तर सिग्नल काही जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून आरपार नेला की बराच सरळ होतो. रेकॉर्ड करायचं नाही, एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. खांब सरळ झाले की पुढे जा. ही गोष्ट नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट होत नाही, म्हणून इथे वेळ घालवा.

कॉम्प्युटरमध्ये घेताना घाई आणि कंजुषी दोन्ही नको. कॅप्चर करतानाच, म्हणजे चित्र आत घेतानाच, एमपी-फोर करणारं स्वस्त यंत्र वापरलं की फितीवरची खसखस आणि चेहरा दोन्ही एकाच चौकटीत चुरगळले जातात. व्हर्च्युअलडबसारख्या प्रोग्रॅममध्ये काहीही न गमावणारा कोडेक (चित्र साठवायची पद्धत) निवडा, हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही-वन. तासाला साधारण 30 जीबी लागतात, तीन तासांच्या कॅसेटला 100 जीबीच्या आसपास. आजच्या हार्ड डिस्कला हे जड नाही. अमेरिकेतल्या मामाने पाठवलेली कॅसेट असेल तर ती एनटीएससीची, म्हणजे तिकडच्या टीव्ही पद्धतीची, 525 रेषांची. ती इथल्या डेकमध्ये दिसली तरी कॅप्चरमध्ये पद्धत बदलून घ्यावी लागते, नाहीतर चित्र काळं-पांढरं येतं किंवा गडगडतं. मिनी-डीव्ही कॅमेऱ्याच्या कॅसेटींना यातलं काहीच नको. त्या मुळात डिजिटल आहेत, फायरवायर केबलने जशाच्या तशा उतरतात, तासाला 13 जीबी. घरात नुसती व्हीसीडी उरली असेल तर चित्र 352 गुणिले 288 एवढंच आहे, ते उतरवून घ्या आणि मूळ कॅसेट कुणाकडे आहे का ते विचारत राहा.

आता कंगवा. पालमध्ये सेकंदाला 25 चित्रं असतात असं म्हणतात ते अर्धसत्य. खरं तर सेकंदाला 50 अर्धी चित्रं असतात, प्रत्येकात 288 रेषा, एकदा विषम एकदा सम, आणि दोन्हींच्या वेळेत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. जुना टीव्ही ती एकामागून एक रंगवायचा, म्हणून हालचाल लोण्यासारखी दिसायची. आजचा पडदा सगळ्या रेषा एकदम दाखवतो. दोन वेगळ्या क्षणांच्या रेषा एकत्र आल्या की भटजींच्या बोटांचा कंगवा होतो. दुकानदार यावर सोपा उपाय करतात, अर्धी चित्रं फेकून देतात किंवा दोन्ही कालवून टाकतात. कंगवा जातो, पण हालचाल अडखळते आणि चेहऱ्याला दुसऱ्या चेहऱ्याची सावली राहते. करायचं असं की प्रत्येक अर्ध्या चित्राचं एक पूर्ण चित्र बनवायचं, म्हणजे फाइल सेकंदाला 50 चित्रांची होते. क्यूटीजीएमसी ही स्क्रिप्ट त्यासाठीचं सगळ्यात चांगलं साधन; रात्रभर चालतं, सकाळी तयार मिळतं. एवढा खटाटोप नको असेल तर हँडब्रेक या प्रोग्रॅममध्ये कंगवा काढणारा बीडब्ल्यूडिफ फिल्टर निवडून त्याचा बॉब हा पर्याय लावा. विषम-समचा क्रम उलटा लागला तर माणसं एक पाऊल पुढे, अर्धं मागे अशी थरथरतात. अॅनालॉग कॅप्चरमध्ये सहसा वरची रेष आधी, डीव्हीमध्ये खालची आधी. थरथर दिसली तर उलट करून बघा.

आकार 4:3 च ठेवा. डाव्या-उजव्या काळ्या पट्ट्या बघून कुणीतरी रिमोट उचलतं आणि चित्र ताणतं. त्यात प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. काका-आत्यांना पट्ट्या खपत नसतील तर त्यांना त्यांचा स्वतःचा ताणलेला चेहरा दाखवा. न ताणताही 55 इंची टीव्हीवर 4:3 चित्र कर्णात सुमारे 45 इंच भरतं, म्हणजे क्षेत्रफळात जुन्या एकवीस इंचीच्या चौपटीहून मोठं. फाइल 1440 गुणिले 1080 करून ठेवली की टीव्ही आकाराचा घोळ घालत नाही. नातेवाइकांसाठी यूट्यूबवर चढवायची असेल तर हे करायलाच हवं, कारण तिथे 720 च्या खालच्या दर्जात सेकंदाची 50 चित्रं टिकत नाहीत.

चित्राच्या तळाशी आठ-दहा रेषांचा फाटका, वळवळता पट्टा दिसेल. तो बिघाड नाही. फिरणारं एक हेड संपून दुसरं सुरू होण्याची ती जागा. जुने टीव्ही चित्राच्या चारी कडा चौकटीमागे झाकायचे, म्हणून तो कधी दिसला नव्हता. त्यावर काळी पट्टी चढवा. पण बाकीच्या कडा कापू नका.

एआयने चित्र मोठं करायचा मोह होईल. मी करून पाहिलं. आजीची नथ म्हणजे गालावर बसलेला भुंगा झाला, आणि मागच्या रांगेतल्या सगळ्यांना एकाच कारखान्यातले मेणाचे चेहरे मिळाले. दागिन्यांवर आणि लहान चेहऱ्यांवर हे यंत्र थापा मारतं. मंडपाच्या झालरीपुरतं ठीक.

टीव्हीवर मात्र काढून टाकण्याचंच काम आहे. व्हिव्हिड मोड सोडून सिनेमा किंवा फिल्ममेकर. शार्पनेस शून्याजवळ, सोनीच्या बऱ्याच टीव्हींवर मात्र 50 हा मधला, काही न करणारा आकडा आहे. ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस अशा नावांनी हालचाल गुळगुळीत करणारं जे काही असेल ते बंद. नॉइज रिडक्शन सगळ्यात कमी पायरीवर. फाइल पेन ड्राइव्हवरून थेट लावली तर बहुतेक टीव्ही सरळ चालवतात. टीव्हीला जोडलेल्या स्टिक किंवा बॉक्समधून लावायची तर त्याचं आउटपुट 60 हर्ट्झवरून 50 वर आणा, नाहीतर कॅमेरा फिरला की चित्र गचके खातं. आणि सोफा मागे सरकवा. तीन मीटर ठीक.

पूर्ण कॅसेटवर मेहनत घेण्याआधी दोन मिनिटांचा तुकडा करून टीव्हीवर बघा, आणि तो तुकडा अक्षतांचा घ्या. पांढरे बारीक दाणे चारी दिशांनी, वर फ्लॅशचे झोत, मध्ये अंतरपाट खाली येतोय. कोडेक, कंगवा, हालचाल, सगळ्यांची परीक्षा तिथेच. दाणे सुटे सुटे पडताना दिसले की सगळी फाइल रात्री लावून झोपा. मूळ कॅप्चरच्या दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. कॅसेट परत उभी ठेवायची, आडवी नाही.

आमच्या तुकड्यात दाणे दिसले. बाबांनी ती दोन मिनिटं तीनदा लावायला सांगितली आणि विचारलं, अगदी डाव्या कडेला बंद छत्री घेऊन उभा आहे तो कोण. एकवीस इंची टीव्हीवर ती कड चौकटीमागे होती, त्यामुळे पस्तीस वर्षांत तो कुणाला दिसलाच नव्हता. आई म्हणते तुमच्याकडचा, बाबा म्हणतात तुमच्याकडचा.