अनोळखी वाघीण ओळखताना या चुका टाळा

फाटक पडलं, मालगाडी आली की वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, मोजायची सवय लहानपणीच लागते. मोजणं सोपं असतं. आत काय आहे ते सांगायला गेलं की भलेभले फसतात, आणि फसतात ते बहुतेक वेळा रंगामुळे.

रंगावर अजिबात जाऊ नका. वाघीण कारखान्यात दुरुस्तीला गेली की रंग बदलतो, आणि अंगावरची काळी धूळ मागच्या खेपेचीही असू शकते. त्यापेक्षा माल आत कुठून जातो आणि बाहेर कुठून पडतो ते बघा. पोट खाली नरसाळ्यासारखं निमुळतं असेल तर माल खालून सोडायचा आहे. उंच, वरून उघडी बीओबीआरएन वाघीण वीजकेंद्राचा कोळसा नेते. तिचे खालचे दरवाजे हवेच्या दाबाने उघडतात आणि कोळसा रुळांखालच्या खड्ड्यात पडतो. तिच्याच घराण्यातली पण बुटकी बीओबीवायएन मात्र रेल्वेची स्वतःची खडी वाहते. या दोघींची गल्लत नेहमी होते. खडी कोळशापेक्षा बरीच जड, म्हणून पोट लहान, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

हेच वजनाचं गणित न केल्याने दुसरी चूक होते. उघड्या बॉक्सएन वाघिणीत तळाशी थोडासाच माल दिसला की लोक म्हणतात, ‘अर्धी रिकामीच चाललीय!’ ती बहुधा लोहखनिजाने पूर्ण भरलेली असते. कोळसा काठापर्यंत येतो, खनिज तळाशी असतानाच वजनाची मर्यादा संपते. म्हणूनच खनिजासाठी बीओवाय नावाच्या मुद्दाम ठेंगण्या भिंतींच्या वाघिणीही आहेत.

गोल टाकी दिसली की ‘पेट्रोल’ म्हणून मोकळं व्हायचं, ही तिसरी चूक. बीटीपीएन टाकीतून पेट्रोल, डिझेल, रॉकेल जातं हे खरं. पण एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला याच टाक्यांतून पिण्याचं पाणी गेलं. त्याआधी त्या कोटा इथल्या कारखान्यात धुऊन घेतल्या होत्या. पहिल्या गाडीत १० वाघिणी होत्या आणि पाणी साधारण ५ लाख लिटर, म्हणजे वाघिणीमागे ५० हजार. टाकीत मात्र सुमारे ७० हजार लिटर मावतात. मग कमी का भरलं? पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे त्याने टाकी भरली तरी चालतं. वाघीण सुमारे ५४ टन माल पेलते आणि लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन. काठोकाठ भरली असती तर १५-१६ टन जास्त झाले असते.

प्रवासी डब्यासारखा डबा, पण खिडक्या पत्र्याने बंद. हे बघून ‘कैद्यांची गाडी’पासून ‘लष्कराची गुप्त गाडी’पर्यंत काय काय ऐकायला मिळतं! त्या एनएमजी वाघिणी असतात, म्हणजे निवृत्त आयसीएफ (जुन्या बनावटीच्या प्रवासी) डब्यांचा दुसरा जन्म. आत नव्या मोटारी असतात. त्या डब्याच्या टोकाकडच्या दारातून चढवतात.

सपाट वाघिणींवर ट्रक दिसले तर ते विक्रीला चाललेले नवे ट्रक समजू नका. कोकण रेल्वे १९९९ पासून भरलेले ट्रक चालकासकट नेते, सुरुवातीला कोलाड ते वेर्णा. आतला माल मग ट्रकवाल्यालाच ठाऊक. एप्रिल २०२१ मध्ये प्राणवायूचे टँकर असेच कळंबोलीहून विशाखापट्टणमला गेले, फक्त टँकर निवडताना उंची मोजावी लागली, कारण वर बोगदे आणि विजेच्या तारा.

बंद दाराच्या बीसीएनमध्ये धान्य, खत की सिमेंट, हे बाहेरून कळत नाही. मालधक्क्यावर काय उतरतंय ते बघावं, नाहीतर गप्प बसावं.

एवढं करूनही अडलात तर वाघिणीवरचा अकरा आकडी क्रमांक वाचा. पहिले दोन आकडे १० ते २९ असतील तर उघडी वाघीण, तिशीतले बंद, ४० ते ५४ टाकी, ५५ ते ६९ सपाट आणि ७० ते ७९ नरसाळी. पाचवा-सहावा आकडा बांधणीचं वर्ष सांगतो. धुळीने क्रमांक पुसट दिसतोय म्हणून रुळात उतरू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि उभी मालगाडी कधी हलेल याचा नेम नसतो. फलाटावरच थांबा. रेकमधल्या, म्हणजे एका गाडीला जोडलेल्या, वाघिणी बहुधा एकाच जातीच्या असतात, मागच्या एखादीवरचा क्रमांक वाचता येतोच.