पात्र हललं की फसतं: डिझाइनमधल्या या चुका टाळा

कागदावर देखणं दिसणारं पात्र चार पावलं चालवलं की बिनसतं. दोष बहुधा ॲनिमेटरला लागतो, पण चूक आधीच डिझाइनमध्ये झालेली असते.

नऊवारीतली आजी घ्या. कट-आउट पद्धतीत, म्हणजे सुटे अवयव जोडून केलेल्या बाहुलीत, उजवीकडे चालणारी आजी डावीकडे न्यायची तर सर्रास फ्लिप मारतात, म्हणजे चित्र आरशातल्यासारखं उलटवतात. डाव्या खांद्यावरचा पदर लगेच उजव्या खांद्यावर जातो, डाव्या नाकपुडीतली नथही बाजू बदलते. लातूर-बीडकडच्या कुठल्याही बाईच्या हे पहिल्या सेकंदात डोळ्यांत भरतं. पदर आणि नथ यांचे लेयर (चित्राचे थर) वेगळे ठेवा, दोन्ही बाजूंची चित्रं स्वतंत्र काढा. काष्ट्याचंही तसंच. सहावारीसारखा एकच घोळ काढला तर आजी चालत नाही, चाकांवर ढकलल्यासारखी सरकते. मांडी, पोटरी आणि मागचा काष्टा असे तुकडे पाडा.

कोपर वाकवल्यावर फट पडते? दंड आणि हात यांची जुळणारी टोकं सारख्याच मापाच्या अर्धगोलात कापा, पिव्होट, म्हणजे तुकडा ज्याभोवती फिरतो तो बिंदू, त्या गोलाच्या नेमक्या मध्यावर ठेवा. वरच्या तुकड्याची बाह्यरेषा सांध्यापाशी पुसायला विसरू नका, नाहीतर फट बुजते, पण तिथे वळासारखी रेघ दिसते.

पैठणीचा मोह आवरा. सेकंदाला 24 फ्रेम धरून प्रत्येक चित्र दोन फ्रेम ठेवलं, तरी हाताने काढलेल्या 10 सेकंदांना 120 चित्रं लागतात. अंगावर 20 बुट्ट्या असतील तर 2,400 बुट्ट्या काढायच्या, आणि त्या मोबाइलवर नुसत्या लुकलुकणार. सपाट रंग, रुंद काठ आणि पदरावर एकच ठसठशीत मोर एवढ्यावर पैठणी ओळखू येते.

आता बैल. गाव मराठवाड्यातलं आणि बैल मात्र लांब शिंगांचा खिलार, ही चूक फार दिसते. इथल्या जाती लाल कंधारी आणि देवणी. लाल कंधारी गडद तांबडा. देवणीत तीन प्रकार: बालंक्या पूर्ण पांढरा, वानेरा पांढरा पण तोंडावर काळा, शेवरा पांढऱ्यावर काळ्या ठिपक्यांचा. शेवरा चित्रात झकास दिसतो, पण हाताने ॲनिमेट करताना ठिपके फ्रेमगणिक जागा सोडतात आणि अंगावर किडे वळवळल्यासारखे दिसतात. वानेरा सोयीचा. फक्त काळ्या तोंडात काळा डोळा हरवतो, म्हणून डोळ्याभोवती फिकट तपकिरी कडा द्या आणि चित्र एकदा कृष्णधवल करून तपासा.

ऊसतोड करणाऱ्या बाईच्या साडीवर पुरुषी शर्ट असतो, त्यात कमरेची रेषा झाकली जाते. अशा वेळी कोयता अंगासमोर धरवला तर सगळा नुसता गोळा दिसतो. तपासायला आकृती सावलीसारखी पूर्ण काळी भरा, 150 पिक्सेल उंचीवर आणा. काय चाललंय ते कळत नसेल तर कोपर बाहेर काढा, कोयता अंगापासून दूर न्या.

शेवटी तोंड. पटकथेत ‘काय करतोयस?’ लिहिलेलं असतं, त्यावर ओठ बेतले जातात आणि नांदेड-परभणीकडचा कलाकार रेकॉर्डिंगला म्हणतो, ‘काय करायलास?’ ‘तो’ला ओठ गोल होतात; ‘रा’ आणि ‘ला’ला तोंड दोनदा उघडतं. ओठ आणि आवाज जुळणारच नाहीत. म्हणून आवाज आधी रेकॉर्ड करा, ओठ नंतर. प, ब, भ, म यांना ओठ पूर्ण मिटायला हवेत, निदान दोन फ्रेम. ‘व’ला वरचे दात खालच्या ओठाला टेकवा. ‘ळ’साठी वेगळा आकार काढत बसू नका, जीभ आतच वळते, बाहेरून ‘ल’पेक्षा फारसं काही निराळं दिसत नाही.