जुन्या एमजीबीत ऑइल कूलरचे पाइप कसे टाकावेत

धुळ्यात मे महिन्यात दुपारी दोन वाजता उभ्या गाडीच्या बोनेटला हात लावून बघा, म्हणजे ऑइल कूलर, म्हणजे इंजिनचं तेल गार करणारी छोट्या रेडिएटरसारखी जाळी, हवी की नको हा वाद तिथेच मिटेल. इंग्लंडात १९६२ साली एमजीबी ही एमजीची स्पोर्ट्स कार आली तेव्हा कूलर हा जास्तीचे पैसे मोजून घ्यायचा भाग होता. १९६४मध्ये क्रँकशाफ्टला पाच बेअरिंग असलेलं इंजिन आलं आणि त्याच्याबरोबर तो कंपनीतूनच बसून यायला लागला. आपल्याकडे ज्या थोड्या गाड्या आहेत त्यांच्यातल्या निम्म्यांचे कूलर कुणीतरी कधीतरी ‘त्रास नको’ म्हणून काढून टाकलेले असतात. त्रास कूलरचा नसतोच. तो पाइप टाकणाऱ्याचा असतो.

माझ्या हाताखाली पहिली एमजीबी आली तेव्हा बोनेट उघडल्यावर मला हसूच आलं. इंजिन ओळखीचं निघालं. आपल्या जुन्या ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं आणि हिचं १७९८ सीसीचं, दोन्ही बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातली, सख्खी नाही तरी चुलतभावंडं. पंचवीस वर्षं ॲम्बेसेडर खोललेल्या माणसाला हिच्यात नवं काय? तर हा कूलर आणि त्याचे दोन पाइप. तिथेच मी आपटलो. म्हणून बाकीचं दोन ओळींत उरकतो आणि त्या जागेवर जरा बसून बोलतो.

आधी तेलाचा रस्ता समजून घ्या. ड्रायव्हरच्या सीटवर बसल्यावर जी उजवी, त्या बाजूला ब्लॉकच्या मागच्या टोकाकडे पंपाचं तेल बाहेर पडतं. कूलर नसेल तर तिथून एक लोखंडी नळी थेट फिल्टरच्या डोक्यात जाते. कूलर लावायचा म्हणजे ती नळी काढायची आणि तेलाला पुढे रेडिएटरच्या समोर फिरवून परत फिल्टरमध्ये आणायचं. म्हणजे कूलर फिल्टरच्या आधी येतो. त्यामुळे काही जण म्हणतात, ‘पाइपात कचरा राहिला तरी फिल्टर धरेल.’ फिल्टरला बायपास वाल असतो, राव. थंड, घट्ट तेल असलं की तो उघडतो आणि कचरा सरळ बेअरिंगवर जातो. हॅकसॉने कापलेल्या पाइपात रबराचा भुगा आणि जाळीच्या तारा राहतातच. रॉकेलने धुवा, हवा मारा, पांढरं फडकं ओढून बघा, फडकं काळं आलं तर परत धुवा.

कूलर बसवताना त्याच्या दोन्ही माना, म्हणजे पाइप जोडायची तोंडं, वर येतील असा बसवा. हवा वर चढते, तिला बाहेर पडायला वाट पाहिजे. चार बोल्ट आहेत, खाली रबराच्या चकत्या घाला. झालं.

पाइप कुठला घ्यायचा

खानदेशात तालुक्याच्या प्रत्येक गावी ट्रॅक्टर आणि जेसीबीचे हायड्रॉलिक पाइप दाबून देणारं दुकान आहे. सगळे तिथेच धावतात, मीही धावलो. दुकानदार म्हणतो, ‘भाऊ, हा दीडशे किलोला फुटत नाही, तुमचं इंजिन काय करणार?’ खरंच आहे. एमजीबीचं तेल गरम झाल्यावर चालत्या गाडीत ५० ते ८० पीएसआय असतं. पण प्रश्न दाबाचा नाहीच. साधा आर-१ किंवा आर-२ (आत तारेची एक किंवा दोन जाळ्या असलेला) हायड्रॉलिक पाइप १०० अंश सेल्सिअसपर्यंतचाच असतो, आणि उन्हाळ्यात घाट चढताना इंजिनचं तेल ती रेघ ओलांडतं. दुसरं म्हणजे अर्ध्या इंची आर-२ पाइपाला किमान १७८ मिलिमीटर त्रिज्येचं वळण लागतं, म्हणजे जवळजवळ जेवणाच्या मोठ्या ताटाएवढं. एमजीबीच्या रेडिएटरशेजारी तेवढी जागा आहेच कुठे? मग तो पाइप दांडगाई करून वाकवतात आणि सगळा ताण कूलरच्या मानेवर येतो. तेव्हा इंजिन ऑइलसाठीचा, जास्त तापमानाचा, हाताने सहज वळणारा पाइपच घ्या. वरून कापडी विणीचा असला तर उत्तम. चकचकीत स्टीलच्या जाळीचा पाइप फोटोत छान दिसतो, पण ती जाळी कानशीसारखी असते. ज्याला घासेल त्याला कापते. माझ्या गाडीत तो येणार नाही.

दुकानातच दुसरा सापळा असतो, आट्यांचा. या गाडीच्या जोडांचे आटे बीएसपी, म्हणजे आपल्या घरातल्या नळाचे जे कुळ आहे तेच. माझ्या पोऱ्याने पहिल्यांदा नट हातात घेतला आणि ओरडला, ‘दादा, हाऊ ते नळनाच आटा शे!’ आणि मी मागे वळेपर्यंत तो शेजारच्या दुकानातून जीआय एल्बो आणि टेफ्लॉन टेप घेऊन आला होता. नळाचा आटा निमुळता असतो आणि आट्यावरच पाणी अडवतो. इथे आटा सरळ आहे. तो फक्त ओढून धरतो, तेल अडवायचं काम जोडाच्या तोंडातल्या निमुळत्या कोनाचं किंवा खालच्या वॉशरचं. टेप गुंडाळली तर गळती थांबत नाहीच, उलट टेपेचे तुकडे तेलात उतरतात. ब्लॉकच्या जोडाला तांब्याचा किंवा डौटी (आत रबराची कडी असलेला धातूचा) वॉशर घाला, तो त्याच हायड्रॉलिकवाल्याकडे मिळतो. दुकानदार जेआयसी या अमेरिकन पद्धतीच्या तोंडाचा नट ‘चालून जाईल’ म्हणून देईल, तो परत करा. बीएसपीचा कोन ६० अंशांचा, जेआयसीचा ७४. दोन वेगळे कोन एकमेकांवर कधीच नीट बसत नाहीत.

पत्र्यातून पलीकडे

रेडिएटरच्या बाजूच्या पत्र्यात पाइपांसाठी दोन भोकं असतात, त्यांत रबरी ग्रॉमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणाऱ्या कड्या, बसतात. ग्रॉमेट गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा, साबण लावा, मग पाइप ढकला. ग्रॉमेट ब्लेडने चिरू नका, महिन्याभरात गळून पडतो. त्याच्या जागी सायकलची ट्यूब गुंडाळणाऱ्यांना तर मी नमस्कारच करतो. ते रबर तेलाने फुगतं, लिबलिबीत होतं आणि पत्र्याची धार पुन्हा पाइपाला लागते.

आता खरी भानगड: पीळ

पहिल्या गाडीत मी हे सगळं बरोबर केलं होतं. पाइप चांगले, आटे बरोबर, वॉशर नवे. शेवटचे नट जोर लावून आवळले आणि गाडी मुंबई-आग्रा महामार्गाला मालेगावच्या दिशेने काढली. लळिंगचा घाट चढताना प्रेशरचा काटा साठवरून चाळीसवर, मग वीसवर. मी लगेच बंद करून बाजूला घेतली म्हणून इंजिन वाचलं. बोनेट उघडलं तर रेडिएटरवर तेलाची आंघोळ. कूलरकडचा एक नट पाव फेरा मागे फिरला होता. नट सैल होता असं समजून मी संतापाने लांब पाना लावला आणि दणकून आवळला. एक बारीक ‘टक्’ असा आवाज आला. नट घट्ट झालाच नाही, कारण आता कूलरची मानच नटाबरोबर फिरत होती. इंग्लंडहून मागवलेला कूलर, दोन महिने वाट बघून आलेला. गाडी टेम्पोला बांधून परत आणली, आणि गाडीचे मालक असलेल्या नाशिकच्या काकांना फोन करताना माझा आवाज निघेना.

तो नट सैल का झाला हे मला नंतर चार दिवस डोकं खाजवून कळलं. पाइपाचं पहिलं टोक पक्कं असतं. दुसऱ्या टोकाचा नट आवळताना शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात नट आपल्याबरोबर पाइपालाही ओढतो आणि पाइप स्वतःभोवती पिळला जातो. गार असताना काही कळत नाही. तेल तापलं, दाब आला की पाइप सरळ व्हायला बघतो, आणि तो ज्या दिशेने उलगडतो ती नेमकी नट सुटण्याची दिशा असते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. पाइपाचा पीळ मात्र जातो, आणि जाताना नट सोडवून जातो. आवळणं हा त्यावरचा उपाय नाही. जितका जास्त आवळाल तितका पीळ वाढतो.

म्हणून मी आता असं करतो. पाइप मोकळा, सरळ जमिनीवर ठेवतो आणि त्याच्या पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या ऑइल पेंटची एक रेघ मारतो. पाइप गाडीत घालतो, दोन्हीकडचे नट फक्त बोटांनी फिरवतो. मग रेघ बघतो. वळणावर ती वळेल, पण पाइपाला जिलबीसारखी गुंडाळत जायला नको. गुंडाळत असेल तर नट सोडून टोक फिरवतो, परत बोटांनी लावतो. हे पाच-सहा वेळा करावं लागतं. कंटाळा येतो. करायचं. मग इंजिनकडचं टोक आधी पक्कं करतो आणि कूलरकडचं शेवटी.

कूलरकडे तीन हात लागतात असं धरून चला. एका पान्याने कूलरच्या मानेवरचा षटकोन धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा, आणि पाइपाच्या टोकावरची धातूची टोपी तिसऱ्याने धरून ठेवायची, म्हणजे ती नटाबरोबर फिरणार नाही. मी पोऱ्याला रेघेकडे बघत बसवतो. रेघ हलली की तो ‘थांब भो!’ म्हणतो. मानेवर दुसरा पाना न लावता नट आवळणारा मेकॅनिक दिसला तर गाडीची चावी परत मागा. हेच जुना पाइप काढताना. गंजलेला नट जागचा हलत नसेल तर आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तरीही हलला नाही तर पाइप कापून टाका, पाइप स्वस्त आहे.

लांबीचंही इथेच सांगतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर असतं, ॲक्सिलरेटर दाबला की ते डोलतं. कूलर बॉडीला पक्का असतो. त्यामुळे पाइप ताणलेला नको, दोन-तीन सेंटिमीटर सैल हवा, पण लोंबणारा नको. आणि आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत स्टिअरिंगचा दांडा याच बाजूने खाली जातो. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरवून बघा, मग एकाला ॲक्सिलरेटर मारायला लावून फॅनच्या पट्ट्याकडे बघा. बोटभर जागा सगळीकडे राहिली पाहिजे. सायलेन्सरचा पाइप सुदैवाने पलीकडच्या बाजूला आहे.

तेल भरणं

नट आवळण्याआधी कूलरमध्ये मानेतून तेल ओता, त्यात सुमारे ४०० मिलिलिटर मावतं. प्लग काढा, कॉइलची वायर काढा, दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा. काटा वर येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. काटा आला की प्लग लावा, चालू करा, गरम होऊ द्या, बंद करा, तेलाची कांडी बघून कमी पडेल तेवढं २०डब्ल्यू-५० तेल भरा. गरम इंजिनला आयडलवर काटा १० ते २५च्या मध्ये असेल, तेवढ्यावर घाबरू नका.

थर्मोस्टॅटबद्दल लोक मला विचारतात. मेमध्ये ४४-४५ अंश आणि जानेवारीच्या पहाटे १०च्या खाली, असा आपला मुलूख. थंडीत तेल गारच राहिलं तर त्यातलं पाणी उडत नाही आणि झाकणाखाली पिवळट साय धरते. तेव्हा ८० अंशांच्या आसपास उघडणारा थर्मोस्टॅट लावा. पण तो लावला की जोड दुप्पट होतात आणि प्रत्येक जोडाला पीळ आलाच. गाडी रविवारीच निघत असेल तर मी डिसेंबर ते फेब्रुवारी कूलरसमोर पत्र्याचा एक तुकडा अडकवायला सांगतो. फुकट काम आहे. होळीला तो काढायची आठवण ठेवा.

शंभर किलोमीटरनंतर गार गाडीत बोनेट उघडून पांढरी रेघ बघा. ती सुरुवातीला होती तशीच असेल तर नटाला हातसुद्धा लावू नका. हललेली असेल तर आवळू नका, सोडा आणि परत लावा. आणि दिवाळीनंतर जिनिंगच्या रस्त्याने गाडी जात असेल तर कूलरच्या जाळीत कापसाचे तंतू नमद्यासारखे बसतात. महिन्यातून एकदा मागच्या बाजूने हलकी हवा मारा, पुढून मारली तर ते आणखी आत रुततात.