व्हीएम बॅकअपच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

इन्फ्रा टीममध्ये रुजू झाल्यावर व्हीएमच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या, बॅकअपचं काम वाट्याला आलं की बरीच मुलं हिरमुसतात. क्लाउड मिळालं असतं तर बरं झालं असतं, असं वाटतं. मी याच कामात वाढलो आणि मला ते मनापासून आवडतं. स्टोरेज, नेटवर्क, हायपरव्हायझर (एका सर्व्हरवर अनेक व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर), डेटाबेस या सगळ्यांशी एकाच वेळी संबंध येतो असं काम सुरुवातीलाच मिळणं मोठी गोष्ट आहे.

आधी बॅकअप वेगवान कशामुळे होतो ते नीट समजून घ्या. दोन टीबीची डिस्क रोज रात्री पूर्ण वाचत बसलं तर सकाळची शिफ्ट आली तरी जॉब चालूच राहील. म्हणून डिस्कचे कोणते ब्लॉक, म्हणजे छोटे तुकडे, बदलले याची नोंद हायपरव्हायझरच ठेवतो आणि तेवढेच ब्लॉक उचलले जातात. व्हीएमवेअरने ही सोय 2009 मध्ये व्हीस्फिअर 4 मध्ये आणली, मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर 2016 च्या हायपर-व्हीमध्ये. प्रॉक्समॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या प्लॅटफॉर्ममध्ये ही नोंद मेमरीत असते. व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केली की ती पुसली जाते आणि पुढच्या बॅकअपला सगळी डिस्क वाचावी लागते. जॉब आज अचानक लांबला, तर आधी हेच तपासा.

या पद्धतीची अडचण स्नॅपशॉटमध्ये आहे. बॅकअप घेताना डिस्कची त्या क्षणाची स्थिती गोठवली जाते, तो स्नॅपशॉट; तोवर होणारे नवे बदल वेगळे साठतात. स्नॅपशॉट काढून टाकताना साठलेले बदल मूळ डिस्कमध्ये मिसळावे लागतात, त्या वेळी व्हीएम क्षणभर थबकते. सतत लिहिणाऱ्या डेटाबेसला एवढंही जड जातं, कनेक्शन तुटतात. त्यामुळे दर पाच मिनिटांनी स्नॅपशॉट काढून आरपीओ, म्हणजे जास्तीत जास्त किती वेळाचा डेटा गमावणं चालेल ती मर्यादा, कमी करता येत नाही.

इथे कंटिन्युअस डेटा प्रोटेक्शन, म्हणजे सीडीपी, कामी येतं. होस्टवर, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सर्व्हरवर, प्रत्येक राइट वाटेतच टिपला जातो आणि दुसऱ्या साइटवर जर्नलमध्ये, म्हणजे बदलांच्या क्रमवार नोंदीत, जमा होतो, स्नॅपशॉट लागतच नाही. झर्टो या सॉफ्टवेअरची ओळखच यावर उभी राहिली. वीम या बॅकअप सॉफ्टवेअर कंपनीने 2021 मध्ये आवृत्ती 11 मध्ये ते आणलं, त्यात आरपीओ दोन सेकंदांपर्यंत खाली नेता येतो. दहा वाजून पाच मिनिटांनी कोणी टेबल उडवलं, तर त्याच्या काही सेकंद आधीच्या क्षणावर परत जाता येतं.

पण सीडीपी घेतलं म्हणून बॅकअप बंद करू नका. रॅन्समवेअरने (खंडणीसाठी डेटा कुलूपबंद करणाऱ्या व्हायरसने) एन्क्रिप्ट केलेले ब्लॉकही तितक्याच तत्परतेने पलीकडे पोचतात. जर्नल काही तासांचं किंवा दिवसांचं असतं, आणि घुसखोर कित्येक आठवडे गप्प बसून राहू शकतो. लांब मुदतीची, कोणालाही बदलता न येणारी प्रत वेगळी हवीच.

हिशोबही हाताने करायला शिका. दिवसाला 100 जीबी बदल म्हणजे सरासरी साधारण 9 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट). मात्र महिनाअखेरीला हिशोब बंद करताना दोन तासांतच त्यातला बराचसा भाग लिहिला जातो. दोन साइटमधली नेटवर्क लिंक सरासरीवर मागितली तर नेमका त्याच वेळी आरपीओ मोडतो. मुलाखतीत मी उमेदवाराला हेच विचारतो. उत्तराच्या आकड्यापेक्षा तो गर्दीच्या तासांबद्दल उलट प्रश्न करतो का, याकडे माझं लक्ष असतं.

सगळ्यात जास्त वेळ रिस्टोअरला द्या. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत चुकून मुख्य डेटाबेसच्या फाइल्सची डिरेक्टरी पुसली गेली. पीजीडंप या पोस्टग्रेस डेटाबेसची प्रत काढणाऱ्या साधनाचे नियमित बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे बनतच नव्हते, हे तेव्हा उघड झालं. शेवटी सुमारे सहा तास जुन्या, दुसऱ्या कामासाठी घेतलेल्या स्नॅपशॉटवरून डेटा परत आणावा लागला. त्यांनी हे सगळं जाहीरपणे लिहिलं, ते जरूर वाचा.

सरावाला महागडं लायसन्स लागत नाही. जुन्या पीसीवर प्रॉक्समॉक्स आणि त्याचा बॅकअप सर्व्हर टाका, एका व्हीएममध्ये पोस्टग्रेस चालवा, त्यात सतत नोंदी घालणारी छोटी स्क्रिप्ट लावा. मग व्हीएम उडवा आणि परत आणा. शेवटची नोंद व्हीएम उडवण्याच्या किती आधीची आली आणि सेवा सुरू व्हायला किती वेळ लागला, दोन्ही लिहून ठेवा. पहिला तुमचा खरा आरपीओ, दुसरा आरटीओ, म्हणजे सेवा परत उभी राहायला लागणारा वेळ. मुलाखतीला जाताना ती वही सोबत न्या.